मनगटावरचा गोल

गंगापूर रोडच्या रविवारच्या बाजारात दिंडोरीकडची एक बाई घरी केलेला साबण विकते. नाव मी कधी विचारलं नाही. नातीच्या अंगावर पुरळ उठायचं, म्हणून मी तिच्याकडून साबण न्यायला लागलो. परवा टोपली भरलेली होती, तरी तिनं वर फडकं टाकलं होतं.

"आज नाय द्यायचा, काका," म्हणत तिनं बाही वर सारली. मनगटावर पेनानं गोल काढलेला, आतली कातडी लालबुंद. प्रत्येक घाण्यातला साबण ती आधी तिथं चार दिवस लावून बघते.

"तुमची कातडीच नाजूक असेल," मी म्हणालो.

"हायच नाजूक. बारा वर्षं द्राक्षांवर मारायचं औषध उघड्या हातांनी कालवलं. तवापासून जरा काही वंगाळ असलं की आधी हिलाच कळतं." ती हसली. "म्हणून तर हिच्यावर लावते. हिला सोसलं, तर तुमच्या नातीलाबी सोसंल."

मी रिकाम्या पिशवीनं घरी आलो. मोरीतली पातळ साबणाची महागडी बाटली उचलून पहिल्यांदाच नीट वाचली. 'नैसर्गिक' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. आधी कुणी आपल्या हाताला लावून बघितलं, ते मात्र कुठंच नव्हतं.