कोळशाची मोटार आणि उलटलेलं हँडल

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत मी सांगलीला एका सर्व्हिस मोटारवाल्याकडे फिटर होतो. मालकाच्या तीन गाड्या उतारू घेऊन सांगली, कराड, सातारा अशा धावायच्या. पेट्रोल मिळेना, तेव्हा त्यांनी तिन्ही गाड्यांच्या पाठीमागे कोळशाच्या भट्ट्या बसवून घेतल्या. भट्टीतला धूर नळीनं इंजिनात जायचा आणि त्यावर गाडी चालायची. धूरच तो, त्याला गॅस म्हणायचं एवढंच.

त्या भट्टीची किळस मला अजून आहे. धूर गाळायला काथ्याची गाळणी असायची. ती दर दोन दिवसांनी उघडावी लागे. आत काळी, चिकट, आंबूस वासाची राळ साचलेली असायची. रॉकेलनं हात धुतले तरी नखांतून ती निघत नसे आणि भाकरीच्या प्रत्येक घासाला तिचीच चव लागे. पाठीमागच्या बाकांवरची माणसं धुरानं ओकायची. ते सगळं क्लीनरला धुवावं लागे.

आमचा क्लीनर तासगावकडचा, पंचेचाळिशीचा माणूस होता. आम्ही त्याला मामा म्हणायचो. घरची थोडी जमीन भावाच्या हाती देऊन तो मोटारीवर आला होता. बॅटऱ्या मिळत नव्हत्या, त्यामुळे गाडी सुरू करायची ती पुढून इंजिनात लोखंडी हँडल घालून, ते मारूनच. ते काम मामाचं. पाय रोवून, हँडल उलटलं तर अडकू नये म्हणून अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून तो एकच झटका द्यायचा. दुसरा द्यावा लागला तर त्याला लाज वाटायची.

एक दिवस साताऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "फिटर, काय केलंत गाडीला? चढावर लय झकास वढती आता."

मी काहीच केलं नव्हतं. म्हणून गाडी उघडून पाहिली.

इंजिनात ठिणगी केव्हा पडावी याचा हिशेब असतो. गाडी चालू असताना इंजिन जी हवा ओढतं, त्या ओढीनं एका डबीतला पातळ पडदा सरकतो आणि ठिणगी जरा लवकर पडते. इंजिन थांबलं की स्प्रिंग पडद्याला मागं ढकलते आणि ठिणगी पुन्हा उशिरावर येते. आमच्या गाडीत डबीच्या बारीक नळीतून राळ चढली होती. पडदा लवकरच्या जागी चिकटून बसला होता, मागं येतच नव्हता. गॅस पेट्रोलपेक्षा हळू जळतो, त्याला ठिणगी लवकरच लागते. म्हणून गाडी चढावर ओढत होती.

पण गाडी सुरू करताना आम्ही आत थोडं पेट्रोल सोडायचो. हँडलनं इंजिन सावकाश फिरत असताना ठिणगी लवकर पडली, तर स्फोट दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर पोचायच्या आधीच होतो आणि इंजिन उलटं फिरतं. हँडल मग माणसाच्या हातावर उलटतं.

मी मालकाकडे गेलो. ते शेडमध्ये नाकाला अत्तराचा रुमाल लावूनच यायचे. दाराशीच उभे होते. मी सगळं सांगितलं. म्हणालो, "डबी काढून टाकतो आणि ड्रायव्हरच्या हाताशी एक तरफ देतो. सुरू करताना ठिणगी मागं घ्यायची, गाडी चालली की पुढं. एक दिवस गाडी उभी राहील."

"आता? पुढच्या आठवड्यात जत्रा आहे."

"हँडल मारणाऱ्याला धोका आहे, मालक."

"अहो, गाडी पहिल्यापेक्षा बरी चालतेय असं तुम्हीच म्हणता. चांगल्या चाललेल्या गाडीला हात लावायला तुम्हाला पगार देतो काय मी? जत्रा होऊ द्या."

मी बरं म्हणालो. पडदा रॉकेलनं धुतला, तो मोकळा झाला, दोन दिवसांनी परत चिकटला. मालकांना सांगितलं म्हणजे आपलं काम झालं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ज्याच्या हातात हँडल होतं त्याला मात्र मी काही बोललो नाही. तो घाबरला, हँडल मारेना झाला, तर मालक मलाच विचारतील, हे माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी ती साताऱ्याची गाडी स्टँडवर उभी होती. बाजूला कोंबड्या बांधलेल्या टोपल्या, बायका, पोरं, धुराचा वास. मामानं पाय रोवले आणि झटका दिला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मामा ओरडला नाही, खाली बसला. त्याचा उजवा पंजा मनगटापासून भलतीकडेच वळला होता. ड्रायव्हरनं दुसऱ्या क्लीनरला हाक मारली, त्यानं हँडल मारलं आणि गाडी वेळेवर सुटली. त्या माणसालाही मी थांबवलं नाही. मामाला टांग्यात घालून मी मिरजेला दवाखान्यात नेलं.

मालक मागून आले. डॉक्टरांनी विचारलं, "अंगठा हँडलभोवती गुंडाळला होता का?"

"तर काय!" मालक म्हणाले. "किती वेळा बजावलं. ही माणसं ऐकत नाहीत."

मामानं माझ्याकडं बघितलं. "आवं फिटर, तुमी सांगा की. म्या आंगठा कवा गुंडाळतो व्हय? तुमी रोज बघता न्हवं?"

मालकही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी तेव्हा पलीकडं होतो. नीट दिसलं नाही."

खरं तर मी तेव्हा मामापासून चार हातांवरच उभा होतो.

त्याच दुपारी मालकांनी निरोप धाडला, तरफ बसवून टाका. गाडी परत आल्यावर मी बसलो आणि दीड तासात काम झालं. दिवस वगैरे काही लागला नाही. हातावर राळ होती, तसाच बाहेर जाऊन मी ओकलो. राळीचा वास रोजचाच होता.

अडीच महिन्यांनी मामा शेडवर आला. मनगट वाकडं जुळलं होतं. डोक्याला पटका होता, तो बायकोनं बांधून दिला म्हणाला. मालकांनी त्याला कामावर घेतलं नाही. तो निघाला तेव्हा मी त्याला वेशीपर्यंत सोडायला गेलो आणि वाटेत सगळं सांगितलं.

तो थांबला. "म्हंजी तुमास्नी आधीच ठावं हुतं?"

"होय."

"मालकाला सांगितलं, आन् मला न्हाई?"

त्यानं वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"मला सांगाय किती येळ लागला आस्ता, फिटर? येवढंच म्हनायचं, मामा, जपून मार."

त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो तसाच तासगावच्या रस्त्याला लागला. आणि मी शेडवर परत गेलो. नोकरी सोडली असं इथं लिहिता आलं असतं, पण मी सोडली नाही. लढाई संपून भट्ट्या भंगारात जाईपर्यंत तिथंच होतो.

पुढं साताऱ्यात मी स्वतःचं गॅरेज काढलं. एकदा कामानिमित्त कराडला गेलो होतो. स्टँडवर सुटायच्या बेतात असलेल्या मोटारीत मामा खिडकीशी बसला होता. मी जवळ जाऊन हाक मारली. त्यानं ओळखलं. शेजारच्या पाव्हण्यानं विचारलं, "कोन रं ह्यो?"

"फिटर हाईत," मामा म्हणाला. "लय हुशार मानूस."

आणि तो समोर बघत बसला. गाडी हलली.