नावांची भिंत

भिंत पडली तेव्हा मी नवऱ्याच्या नावाच्या पाटीवर बादलीभर पाणी ओतत होते. आधी प्लास्टर फुगलं. विस्तवावर पापड फुगतो तसं, डोळ्यांदेखत. मग मधोमध फट पडली आणि तिच्यातून काळा चिखल बाहेर आला. मी एक पाऊल मागे घेतलं. दुसरं घ्यायच्या आत भिंत अंगावर होती.

धूळ जरा बसली तेव्हा मी पालथी पडलेली होते. उजवा पाय दगडाखाली, तोंडात माती, पण डोकं मोकळं होतं. माझ्या डाव्या बाजूला, दोन हातांवर, माझी धाकटी जाऊ तिची पाटी घासायला आली होती. तिथं आता विटांचा ढीग होता. मी हाक मारली, "अगं ए! ऐकतेस का?" उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. जाऊ तीन आठवड्यांपासून माझ्याशी बोलत नव्हती. त्यामुळे ती मेली आहे की रुसली आहे, हे मला कळेना.

भांडण याच भिंतीवरून होतं, म्हणून आधी भिंतीचं सांगते.

आमचं गाव इंदूरच्या कडेला. मी बड्या गणपतीजवळची, गिरणी कामगाराची मुलगी, चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन या गावात आले तेव्हा इथं मराठी घरं चार, बाकी सगळे मालवी. आता शहर पार वेशीपर्यंत आलं आहे. बाजूला मोठमोठे मॅरेज गार्डन झाले आहेत. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचं लग्न तिथं, ज्याच्याकडे नाही त्याचं गावच्या भवनात. हे भवन सासऱ्यांच्या वेळचं. एक लांब खोली, वर गंजलेले पत्रे, खाली खचलेली फरशी. संडास नाही. लग्नाला आलेल्या बायका लोटा घेऊन शेताच्या बांधावर जायच्या. बांध राहिला नाही, तिथं कॉलनी झाली, तेव्हा बायकांनी पाणी पिणंच सोडलं. एका लग्नात नवरीची आई उन्हात चक्कर येऊन पडली. सकाळपासून घोटभर पाणी प्यायली नव्हती. मी त्याच मांडवात सांगितलं, भवन आपणच नीट करायचं.

गावात एक रिटायर शिक्षक आहेत. सगळे त्यांना मास्तरजी म्हणतात. त्यांनी मीटिंग बोलावली आणि रंगरंगोटीपासून बोलायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "मास्तरजी, आधी संडास."

"बाई, ते तर होईलच. पण आधी समोरचा दरवाजा जरा शोभेसा..."

"दरवाज्यात बसू का मी?"

बायका हसल्या, मास्तरजी खाली बघायला लागले आणि कागदावर पहिलं काम संडास लिहिलं गेलं.

पैसा उभा केला दाल-बाफल्यावर. रविवारी शहरातले लोक गाड्या काढून गावाकडे जेवायला येतात, त्यांना चुलीवरचं लागतं. आम्ही कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, निखाऱ्यात कणकेचे बाफले भाजायचो, तुपात बुडवायचो आणि भवनासमोरच्या झाडाखाली पंगत बसवायचो. भाव लावला नाही. दाराशी डबा ठेवला, जे वाटेल ते टाका. भाव लावला असता तर लोकांनी घासाघीस केली असती. डब्यात टाकताना शेजारचा बघतो, म्हणून हात सैल सुटतो.

मजुरी वाचवायला घरटी एक माणूस, रोज सकाळी एक तास, असं ठरलं. वाळूच्या ढिगापासून खड्ड्यापर्यंत रांग करायची आणि लोखंडी तगारी, म्हणजे घमेलं, हातोहात पुढे द्यायची. मास्तरजी शाळेसारखी हजेरी घ्यायचे. ज्या घरातून कोणी आलं नाही, त्या घराचं नाव देवळाच्या भोंग्यावरून सगळ्या गावाला ऐकवायचे. दोन दिवसांत गैरहजेरी बंद झाली. त्या रांगेत इतक्या गप्पा चालायच्या की मिस्त्री ओरडायचा, "हात चलाओ काकी, जीभ नी!" मी त्याला सांगायचे, "भिया, दोन्ही सोबतच चालतात. एक बंद केलं तर दुसरं थांबेल."

मिस्त्री गावचाच. स्वतःच्या मुलीचं लग्न या भवनात करायचं म्हणून तो निम्म्या रोजावर काम करत होता. त्यानं पहिल्याच दिवशी मागली भिंत ठोकून पाहिली. वरून सिमेंटचं प्लास्टर, पण आत विटा काळ्या मातीत बसवलेल्या. तो म्हणाला, "काकी, ही भिंत म्हातारी आहे. हिला कुछ टांगो मत, पानी दिखाओ मत, तो अजून वीस साल उभी राहील." नव्या छताचं वजनही त्यानं तिच्यावर दिलं नाही. लोखंडी खांब उभे करून पत्रे त्यांच्यावर चढवले.

संडास झाले, छत झालं, फरशी निम्मी झाली आणि डबा आटला. मग मास्तरजी आणि मी सराफ्यात गेलो. तिथं आमच्या गावच्या एका सोनाराची पेढी आहे. त्यानं आम्हाला कचोरी खाऊ घातली आणि सगळ्या भवनाचे पंखे देतो म्हणाला. निघताना हळूच बोलला, "बस, पिताजी के नाम का एक पत्थर लगवा देना. छोटासा."

छोटासा दगड आला तो संगमरवराचा, ताटाएवढा. मागल्या भिंतीवर मधोमध बसवला. आठ दिवसांत गावात एकच विषय. ज्यानं सिमेंटच्या चार गोण्या दिल्या त्याला दगड हवा, ज्यानं नळ दिला त्यालाही हवा. मास्तरजींनी सांगून टाकलं, जो देईल त्याच्या घरच्यांचं नाव लागेल. डबा पुन्हा भरला. फरशी पूर्ण झाली, स्वयंपाकाची पडवी झाली. आणि भिंतीवर दगड वाढत गेले. प्रत्येक नवा दगड आधीच्यापेक्षा चार बोटं मोठा. लोक सुतळी घेऊन दुसऱ्याचा दगड मोजायला यायचे.

मिस्त्री रोज कुरकुरायचा. मीही त्याची बाजू घेऊन सगळ्यांना दटावायचे, "नावं वहीत लिहा. भिंतीला काय करायचंय तुमच्या बापाचं?"

मग जावेनं दगड लावला. त्याच्यावर आमच्या सासूबाईंचं नाव, आणि खाली देणाऱ्यांत फक्त तिचं आणि दिराचं. सासूबाईंची शेवटची सहा वर्षं, अंथरुणातली, मी काढली. जाऊ तेव्हा इंदुरात नोकरीवाल्या नवऱ्यासोबत राहायची, सणाला मिठाई घेऊन यायची. मी तो दगड वाचला आणि माझी अक्कल तिथंच संपली.

मी विचारलं, "माझं नाव कुठंय?"

"जाऊबाई, तुम्हीच म्हणायच्या ना, नावं वहीत लिहा म्हणून. मी म्हटलं तुम्हाला आवडणार नाही."

"सासू आमची दोघींची होती."

"मग तुम्हीही लावा की. भिंत कुठं भरलीय?"

मी लावला. माझ्या वारलेल्या नवऱ्याच्या नावाचा, त्या भिंतीवरचा सगळ्यांत मोठा. मिस्त्रीनं भोकं पाडायला नकार दिला. मी म्हटलं, "तू नाही तर दुसरा येईल." त्यानं मुकाट्यानं भोकं पाडली. पण त्या दिवशी चहा घेतला नाही माझ्या हातचा. जावेनं माझा दगड बघितला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं तर मी समोर उभी असताना मास्तरजींना म्हणायची, "त्यांना सांगा, तगारी पुढे द्या."

आता पाण्याचं. आमच्याकडे सफाईचं वेड आहे. शहराचं बघून गावालाही लागलं आहे. लोक अंगण दोनदा धुतात. उद्घाटन जवळ आलं तसे सगळे आपापला दगड धुवायला यायला लागले. शेजारच्याचा चमकतो आणि आपला मळका दिसतो, हे कोणाला चालेना. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. पाणी दगडांवरून खाली यायचं आणि भोकांतून, फटींतून आत जायचं. मिस्त्रीनं सांगितलेल्या दोन गोष्टी होत्या. आम्ही दोन्ही केल्या. सगळं गाव मिळून, रोज, मनापासून.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, मी बादली घेऊन गेले. जाऊ आधीच आलेली होती. मिस्त्री टोकाला उभा राहून प्लास्टरची एक चीर बुजवत होता. तो वळून म्हणाला, "काकी, आज पानी मत डालो, भिंत पोकळ वाजतेय." मी म्हटलं, "आजचा शेवटचा दिवस." आणि ओतलं.

ढिगाखालून पहिला आवाज मी ऐकला तो मास्तरजींचा, देवळाच्या भोंग्यावरून. "भवन की भिंत गिर गई है! तगारी लेकर आओ! घर का एक नहीं, सब आओ!" मग पावलांचे आवाज. मास्तरजी धापा टाकत आले. त्यांनी काय करावं? हजेरीची वही उघडून रोज येणाऱ्या माणसांची नावं पुकारायला लागले. मला राग आला होता, पण त्यानंच काम झालं. तीन नावांना ओ आली नाही, तेव्हा कळलं की खाली तिघं आहेत. माझी ओ कोणाला ऐकूच गेली नाही.

रांग लागली. रोजच्यासारखीच, हातोहात. पण महिनोन्महिने ज्या रांगेत जीभ थांबली नव्हती, तिथं कोणी शब्द बोललं नाही. नुसता तगाऱ्यांचा आवाज. टोकाला होता म्हणून मिस्त्री लवकर सापडला. त्याचा एक हात लोंबत होता. त्यानं बसूनच सांगायला सुरुवात केली, वीट कुठून काढायची, कुठून नाही. मग माझ्या पायावरचा दगड चौघांनी उचलला. उलटा करून बाजूला ठेवला तेव्हा वर नवऱ्याचं नाव होतं.

गाडी आली होती. मला म्हणाले, चला दवाखान्यात. मी नाही म्हटलं. लोकांनी नंतर त्याचं मोठं कौतुक केलं, जावेवर किती जीव म्हणून. तसं काही नव्हतं. दगड माझा होता, शेवटची बादलीही माझी होती. जाऊ निघाल्याशिवाय मी कुठल्या तोंडानं जाणार होते? मला दारापाशी चटईवर निजवलं आणि मी तिथून बघत राहिले. पाय दुखत होता की नाही ते आठवत नाही.

जावेच्या जागी आधी दगडच दगड निघाले. सोनाराच्या बापाचा, नळवाल्याचा, सासूबाईंचा, दोन तुकडे झालेला. मग लाकूड लागलं. जावेनं भवनाला एक जुना तखत, लाकडी पलंग, दिला होता, म्हाताऱ्या माणसांना टेकायला. तो आला तेव्हा मी चारचौघांत म्हटलं होतं, "घरातली अडगळ दान करतेय." भिंत आली तेव्हा जाऊ त्या तखताला लागून खाली वाकली होती, फडकं पिळत. तखताचे एका बाजूचे पाय मोडले आणि तो तिच्या डोक्या-छातीवर छपरासारखा तिरपा टेकला. बाकी सगळं त्याच्यावर पडलं.

तिला बाहेर काढलं तेव्हा ती मातीची मूर्ती दिसत होती, रंग न दिलेली. मिस्त्रीच्या बायकोनं तिच्या तोंडात बोट घालून माती काढली. ती खोकली. मी लांबूनच ओरडले, "हाका मारत होते मी! ऐकू आल्या नाहीत?"

तिनं आधी थुंकून घेतलं. मग म्हणाली, "आल्या. तोंडात माती होती, जाऊबाई. नाहीतर तुम्हाला सोडलं असतं का?"

मास्तरजी तिथंच खाली बसले. आम्हा दोघींना एकाच गाडीत घातलं. वाटेत तिनं विचारलं, "सासूबाईंचा दगड फुटला?"

"फुटला."

"तुमचा?"

"नाही. टवका उडालाय."

"उडणारच नाही. एवढा जाड घ्यायला कोणी सांगितला होता?"

तिचं बरोबर होतं.

उद्घाटन राहिलं. दोन महिन्यांनी पुन्हा बाफले, पुन्हा रांग. या वेळी भिंत सिमेंटमध्ये, खालपासून. मी खुर्चीत बसून कंडे मोजून द्यायचे, पाय प्लास्टरमध्ये होता. दगडांचं काय करायचं यावर मीटिंग झाली. मी म्हटलं, नावं खाली करून संडासात फरशी घाला, घसरायला होणार नाही. सोनार सराफ्यातून धावत आला. "काकीजी, मेरे बाप का नाम संडास में?"

"उलटं घालतोय. बाप को कुछ नहीं दिखेगा."

तो चिडला, मग हसला, मग पडवीत चुलीजवळ घालायला तयार झाला. तिथंच घातले, सगळे, पालथे. पहिला माझा. आता बायका त्यांच्यावर बसून बाफले वळतात. कोणता कोणाचा ते घालणाऱ्यांनाही आठवत नाही. देणाऱ्यांची नावं मास्तरजींच्या वहीत आहेत. कोणी बघायला मागत नाही.

नव्या भवनात पहिलं लग्न मिस्त्रीच्या मुलीचं झालं. बायका पाणी पीत होत्या, मी बघितलं. जाऊ आणि मी त्याच तखतावर बसलो होतो. त्याला मिस्त्रीनं नवे पाय लावून दिले आहेत. ती म्हणाली, सरकून बसा. मी सरकले नाही.

लोक अजून भवन बघायला येतात आणि विचारतात, भिंतीखाली कोण कोण होतं. मिस्त्री, मी आणि माझी धाकटी जाऊ. मिस्त्रीचा खांदा पावसाळ्यात दुखतो, मी काठी घेऊन चालते, जावेचं मनगट वाकडं जुळलं. तिघंही जिवंत आहोत.