जेवणानंतरचा लहान मेंदू

प्रयोगशाळेत सगळे त्यांना रेघकाकू म्हणत. उंदरांच्या एमआरआयच्या चित्रांत कवटी बाहेर ठेवून नेमकी मेंदूभोवती रेघ मारायची, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. एका मेंदूचे साठ काप. सकाळी नाकाकडून सुरुवात, संध्याकाळी मानेकडे शेवट. घरी नवरा म्हणे, "आमची ही म्हणजे उंदरांची शिंपीण."

आता सरांनी डीप लर्निंगचा प्रोग्रॅम आणला. त्याला शिकवणारी मुलगी इतकी गोड, की काकूंना तिच्यावर धड रागावताही येईना. काकूंनी आखलेले तीनशे उंदीर तिने त्याला दाखवले. आता नव्या वीस उंदरांवर त्याच्या आणि काकूंच्या रेघा जुळल्या, की काकूंची बदली भांडारात, हातमोज्यांच्या खोक्यांपाशी.

जुळल्या. "काकू, अगदी तुमचाच हात!" मुलीने टाळी वाजवली.

काकूंनी चष्मा पुसून चित्रं पाहिली. पुढचे काप चोख. पण मागचा लहान मेंदू, वीसच्या वीस उंदरांचा, जरा गुबगुबीत. रेघ थेट कवटीला टेकलेली. काकूंना कारण लगेच कळलं. मागचे काप हाती येत ते डबा खाऊन पापण्या जडावल्यावर, आणि तेव्हा त्या हात भर्रकन फिरवून मोकळ्या होत. पोरं आपले गुण घेत नाहीत, खोडी मात्र बरोब्बर उचलतात, तसलाच प्रकार.

सांगावं, तर अकरा वर्षांच्या डुलक्या चव्हाट्यावर. गप्प बसावं, तर भांडार, आणि मेंदू कायमचे सुजलेले.

"सर, हा चुकलाय."

"चुकलाय? तंतोतंत तुमच्यासारखा आहे!"

"तेच तर. मीच चुकलेय. जेवल्यावर मला झोप येते."

मुलीने चित्र मोठं केलं. "अगं बाई! म्हणजे हा न जेवताच पेंगतोय?"

सर काही हसले नाहीत. "तीनशेंचे मागचे काप पुन्हा आखायचे. किती दिवस?"

"नुसतं सकाळीच केलं, तर सहा महिने."

सरांनी बदलीचा कागद खणात सरकवला. "सकाळीच करा."

दुसऱ्या दिवशी काकूंनी पहिला उंदीर मानेकडून सुरू केला. दुपारी डबा संपताच मुलीने त्यांच्या संगणकाचा पडदा बंद केला. "काकू, आता रेघ नाही. हवं तर झोपा."

"झोपते," काकू म्हणाल्या, "पण हे त्याला दाखवू नकोस."