बाळाविना सव्वा महिना

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून आईने सगळं आधीच तयार ठेवलं होतं. बाज नव्याने विणून घेतली होती. बाजेखाली ठेवायची शेगडी लिंपून वाळवली होती. घोडेगावच्या बाजारातून डिंक, अळीव, खारीक आणून डबे भरले होते. तेल लावायला वाडीतल्या एका मावशींना सांगून ठेवलं होतं. आमचं माहेर डिंभ्याच्या धरणाच्याही वर, डोंगरात. तिकडे भात काढून झाला की थंडी उतरते, आणि माझे दिवस त्याच थंडीत भरणार होते.

दिवस भरलेच नाहीत. आठवा लागला तेव्हा मी मंचरलाच होते, नवऱ्याबरोबर, आमच्या भाड्याच्या खोल्यांत. एका सकाळी लक्षात आलं की पोट गप्प आहे. दवाखान्यात नेलं. कळा आल्या, बाळंत झाले, मुलगी झाली. ती रडली नाही. नवरा आणि आळ्याहून आलेले सासरे तिला घेऊन गेले. आई एसटीने पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

दवाखान्यातून सोडल्यावर वडिलांनी जीप करून मला माहेरी आणलं. नवरा सोबत आला, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत हजर व्हायचं म्हणून परत गेला. जाताना माझ्या पांघरुणाची कड नीट करत राहिला.

जीप आल्याचं ऐकून तेल लावणाऱ्या मावशी सकाळीच आल्या. त्यांना बाळाचं कोणी सांगितलं नव्हतं. आई ओट्यावरच त्यांना आडवी गेली.

“आक्का, आता नका येऊ. लेकरू न्हाई राह्यलं.”

चपला काढल्याचा आवाज आला. मग मावशी म्हणाल्या, “पोरगी बाळंत झाली ना? मग तिचं अंग तर वलंच हाये की. पाणी ठिव तापत.”

त्यांनी मला न्हाणीत पाटावर बसवलं. कोमट तिळाचं तेल डोक्यापासून टाचांपर्यंत चोळलं. पोटावरून हात फिरवताना त्यांनी दाब अगदी हलका ठेवला. मग कमरेवर कढत पाणी ओतलं, तांब्यामागून तांब्या. न्हाऊन झाल्यावर कानाला फडकं, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, आणि बाजेवर निजायचं. खाली निखाऱ्यांवर ओवा टाकलेला. त्या धुराने डोळे चुरचुरायचे आणि मला बरं वाटायचं, कारण कोणी आत आलं तरी डोळे लाल का, हे सांगावं लागत नव्हतं.

पण आत कोणी येतच नव्हतं. एरवी बाळंतिणीच्या खोलीत बायकांची रीघ लागते. माझ्याकडे यायला त्यांना काही निमित्तच नव्हतं. अंगणातून आवाज यायचे, “बरी हाये ना?” आई म्हणायची, “हाये बरी.” आणि पावलं परत जायची. पाचवीची पूजा झाली नाही, बारसं झालं नाही. वडील सकाळीच हिरड्याच्या रानाकडे निघून जात आणि अंधार पडायच्या बेताला येत. दूध उतरलं तेव्हा तर मी घाबरून गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आई छातीला घट्ट कापड बांधायची, तरी रात्री कापड भिजायचं. आई ते पहाटे उचलून धुवायची आणि सगळ्यांच्या नजरेआड, गोठ्यामागे वाळत घालायची.

आयुष्यात मी कधी इतकी सावकाश न्हाले नव्हते. लग्नाआधी कॉलेजची गाडी गाठायची असायची, लग्नानंतर नवऱ्याचा डबा आणि पतसंस्थेतली माझी नोकरी. दोन तांबे घेतले की झालं. आता मात्र सकाळचं सगळं काम म्हणजे माझं अंग. ज्या बाळासाठी ते जपायचं ते नव्हतं, आणि जपणं चालू होतं. कधी कधी मला त्याचाच राग यायचा. डिंकाचा लाडू हातात धरून मी नुसती बसून राहायचे.

मावशी इतर घरी तेल लावताना बाळाशीच बोलायच्या, हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे त्यांना बोलायला काही सापडत नव्हतं. मग त्या कोंबड्यांचं सांगायच्या, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूचं सांगायच्या. मी हूं हूं करायचे. एके दिवशी कोंबड्याही संपल्या असाव्यात. पाठ चोळता चोळता त्यांनी विचारलं,

“पोरगा व्हता का पोरगी?”

“पोरगी.”

“तू पाह्यलीस?”

“पाह्यली. नर्सने दाखवली एकदा.”

“केस व्हते का?”

“लई व्हते, मावशी. काळेभोर. कपाळावर आले व्हते.”

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. बाहेर चुलीपाशी आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. आईने तिला पाहिलंच नव्हतं, आणि मलाही विचारलं नव्हतं, मला त्रास होईल म्हणून. ती पिठाच्या हातांनी न्हाणीच्या दाराशी आली.

“नाक कुणाचं गं?” तिने विचारलं.

“तुझं,” मी म्हणाले.

आई तिथेच खाली बसली. मावशींनी माझ्या डोक्यावरून पाणी ओतलं आणि ओततच राहिल्या. त्या दिवशी भाकरी करपली. आम्ही तिघींनी तीच खाल्ली.

त्यानंतर आम्ही फार बोललो असं नाही. पण आई रोज न्हाणीत यायला लागली. मावशी तेल लावायच्या, आई पाणी घालायची. सव्वा महिना झाल्यावर डोक्यावरून न्हाऊन मी पहिल्यांदा अंगणाबाहेर पडले. मावशींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “आता जा तुझ्या घरी. पण अंगावर घाईनं पाणी घिऊ नको.”

मंचरला परतले. पतसंस्थेत कामाला लागले. तिथे सगळे माझ्याशी जपून बोलत. नवऱ्याच्या पाळ्या बदलत राहत. तो घरी असे तेव्हा झोपलेला असे, जागा असे तेव्हा मी कामावर. मुलीचा विषय आमच्यात निघत नव्हता. रविवारी तो नसला की मी तेल कोमट करायचे, दार लावून न्हाणीघरात बसायचे. पाठीच्या मधोमध हात पोहोचत नाही. तेवढी जागा कोरडीच राहायची.

असाच एक रविवार. नवरा पारगावला त्याच्या मित्राच्या घरच्या लग्नाला गेला होता. मी गेले नाही. न्हाऊन गच्चीत उन्हाला बसले होते. खालच्या मजल्यावरची बाई वाळत घातलेले कपडे काढायला वर आली. मी माहेरून परतल्यावर राहायला आलेली, नुसती तोंडओळख. हसून म्हणाली,

“मजा आहे बाई तुझी! आम्हाला दोन पोरांमागं न्हायलासुद्धा वेळ नाही. तुला काय, अजून मूलबाळ नाही.”

एरवी मी हसून सोडून दिलं असतं.

“एक झाली होती,” मी म्हणाले. “मुलगी. राहिली नाही.”

ती हातातला फ्रॉक धरून उभी राहिली. “मला माहीत नव्हतं गं,” म्हणाली. तिला बसायचं असावं, पण खालून तिच्या पोराने हाक मारली. ती गेली. घाईत तिचे अर्धे कपडे दोरीवरच राहिले. मी ते काढले, घड्या घातल्या आणि जिन्यात तिच्या दाराशी ठेवून आले. बेल वाजवली नाही.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला गच्चीतलं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला.

“काय म्हणालीस तिला?”

“एक झाली होती म्हणाले.”

“बरं केलंस,” तो म्हणाला. मग हातपाय धुवायला आत गेला. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. मी चहा केला, झाकून ठेवला, आणि त्याला हाक मारली नाही.