सोन्याच्या खाणीमागचं कबरस्तान

एसटी सुटेपर्यंत अम्मा माझ्या खिडकीची दांडी धरून रडत होती, आणि ते रडणं माझ्यासाठी नव्हतं. मी नवऱ्याकडे मस्कतला निघाले होते, नव्वदीची सुरुवात होती, अख्ख्या मोहल्ल्याला माझा हेवा वाटत होता. अम्माच्या डोळ्यांपुढे मात्र माझी थोरली बहीण होती. रुकय्या आपा ओमानच्या डोंगरात, सोन्याच्या खाणीच्या गावात, बाळंतपणात गेली. तिथेच तिची माती झाली. "पोचलीस की आधी तिच्याकडे जा," अम्मा म्हणाली. "जागा कशी आहे ते मला नीट सांग. डोळे मिटले की दिसली पाहिजे."

तुम्ही गावी राहिलेले सगळे तेव्हा काय मिरवत होतात! म्हणे, सोन्याच्या गावात पोर दिली. अहो कसलं सोनं! पत्र्याच्या केबिन, नाकातोंडात धूळ, आणि हॉस्पिटल इतकं लांब की आपा वाटेतच गेली.

तिचा नवरा, आमचे हनीफभावोजी, तिथे फिटर होते. त्यांनीच मला पहिल्यांदा नेलं. खाणीच्या मागे खडीचा उतार होता. ना कुंपण, ना फाटक, ना कुणाचं नाव. कबरस्तान आहे असं सांगितल्याशिवाय कळलंच नसतं. गावातले एक म्हातारे बाबा खजूर आणि कावा, म्हणजे तिथली कडू कॉफी, घेऊन आले. उमेदीत मुंबईला राहिलेले, त्यामुळे हिंदी बरं बोलायचे. सगळ्यात खाली, म्हणाले, जुन्या काळी हातांनी डोंगर फोडणारे लोक आहेत, ते कोण होते हे आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या वर गावची माणसं. आणि अगदी वरच्या कडेला कंपनीने आणलेले परदेशी कामगार. "खाणीने सगळ्यांना इथेच आणलं," ते म्हणाले. पुरुषाच्या कबरीवर दोन दगड उभे करायचे, बाईच्या कबरीवर तीन, एवढीच तिथली ओळख. आपाचे तीन दगड गावच्या बायकांनी वेचून आणले होते, काळे, सारख्या उंचीचे.

मी कबरीपाशी बसून कुराणातली यासीन वाचली. मस्कतला, कुरुमच्या घरी येऊन अम्माला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तीन होय. बरं झालं, आता दिसते मला."

पुढे खाण बंद पडली. केबिन उचलून नेल्या, गावही हळूहळू रिकामं झालं. भावोजींना मस्कतला नोकरी लागली, अल हैलला घर झालं, दुसरी बायको आली. त्याचा मला राग नाही, खरंच नाही. माणसाने एकट्याने किती दिवस काढायचे?

दोन हजार सालानंतर आपल्या मराठी मंडळींना पिकनिकचं वेड लागलं. दर शुक्रवारी सुट्टीला नवा वादी, म्हणजे डोंगरातला ओढा, नाहीतर नवा किल्ला. एकदा मस्कतच्या वादी कबीर भागातून बस निघाली ती नेमकी त्याच गावाकडे. माझ्या नवऱ्याला ड्युटी होती, मी एकटीच बसमध्ये चढले. मला पिकनिक नको होती, आपा हवी होती. पोरं इंग्लिशमध्ये भेंड्या खेळत होती, बायका ठेपले वाटत होत्या. गाडीवाले पुढे पोचले होते, त्यांत भावोजी आणि त्यांची दुसरी बायको.

उतरले तर मटणाचा वास. चुलीवरचं मटण, आपल्या लोकांचा लाडका हट्ट! उतारावर चटया अंथरल्या होत्या आणि मधोमध तीन काळ्या दगडांवर पातेलं रटरटत होतं. शेजारी आणखी एक चूल. "काय नशीब बघा," कुणीतरी हौसेने मला सांगत होतं, "दगड शोधायलासुद्धा लागले नाहीत. तीन-तीन आयते उभे होते, उपटले आणि चूल मांडली!" त्यांना काय माहीत? आपल्याकडे तीन दगड म्हणजे चूल.

पण पातेल्यात डाव घालून जो माणूस उभा होता, त्याला माहीत होतं.

"भावोजी, हे काय?" मी म्हटलं.

"हळू बोल गं," ते म्हणाले. "मी आलो तेव्हा पेटवलंच होतं. सगळ्यांसमोर काय सांगू? हिला वाईट वाटेल." आणि वर, "आपल्यात कबरी पक्क्या करतच नाहीत. माती मातीला मिळाली, खलास."

"जागा दाखवा."

त्यांनी एका चटईकडे बोट केलं. मग थांबले, आणि दुसरीकडे केलं. मग म्हणाले, इथेच कुठेतरी. खडी तुडवून सपाट झाली होती. ज्याने आपल्या हातांनी तिला खाली ठेवलं त्याला ती कुठे आहे ते आठवत नव्हतं. आणि हातातला डाव तसाच, रश्शाचे थेंब खाली पडत होते. शी!

पुण्याच्या कुलकर्णीवहिनींना मी सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि स्वतः पाणी ओतून चुली विझवल्या. पोरांना उठवलं, चटया गुंडाळल्या. बाकीच्यांनी मान खाली घातली, पण बसमध्ये त्यांतल्या दोघा-तिघांनी तेच मटण डब्यातून काढून खाल्लं. बेशरम मेले! भावोजींच्या घरी ईदला जावं लागतं, नातं आहे. पाण्याच्या ग्लासाला मी हात लावत नाही.

अम्माशी खोटं बोलवेना. फोनवर सगळं सांगितलं. ती रडली नाही. "मग आता सगळ्यांनाच सलाम कर," म्हणाली. "त्यांच्यात ती आहेच."

अम्मा आता नाही. गावचं घर भावांनी वाटून घेतलं. माझा मुलगा इथेच वाढला, अडखळत विचारतो, "मम्मी, तुझा घर कुठला, रत्नागिरी की मस्कत?" मी त्याला एकदा त्या खाणीमागे घेऊन गेले. उताराच्या कडेला उभं राहून सलाम केला, दोन दगडवाल्यांना, तीनवाल्यांना, आणि ज्यांच्यावर एकही दगड उरला नाही त्यांनाही. तो पुढे धावत निघाला तसा त्याचा हात घट्ट धरला. साऱ्या ओमानमध्ये ही एवढीच जमीन माझी आहे, आणि तिच्यावर पाय कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.