निळ्या विटांची बाळंतिणीची खोली

साखर कारखान्याची आमची कॉलनी श्रीरामपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. एकसारख्या क्वार्टरच्या ओळी, प्रत्येक क्वार्टरला दोन खोल्या, मागे तारेच्या कुंपणाचं अंगण. साहेबांचे बंगले कालव्याकडे, कामगार चिमणीकडे. मळीचा वास मात्र दोन्हीकडे सारखाच.

दोन खोल्यांत बाळंतपणाला आलेली लेक ठेवायची कुठे? आमच्या ओळीत हा प्रश्न शेजारच्या काकांनी सोडवला होता. ते पॅनमन, म्हणजे रस उकळून साखर करणारे कामगार. थोरल्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी त्यांनी अंगणात विटांची खोली बांधली आणि आतून निळा रंग दिला. मुलगी सासरी गेली, खोली ओळीची झाली. कुणाची लेक आली की काकू किल्ली पाठवत. बाज आणि शेगडी आतच असत. परवानगी कुणी काढली नव्हती. कॉलनी ऑफिसचे लोक बारशाला येऊन घुगऱ्या खाऊन जात. तीच परवानगी, असं सगळे धरून चालले होते.

दुष्काळाच्या वर्षी काका रिटायर झाले. माझी बहीण तेव्हा दिवस भरत आलेली, माहेरी होती. निळी खोली तिच्यासाठी सारवून ठेवली होती. क्वार्टर सोडायच्या आदल्या सकाळी ऑफिसचा मुकादम दोन माणसं आणि पहारी घेऊन आला. क्वार्टर मिळाली तशी परत द्यायची, वाढीव बांधकाम पाडायचं.

सगळी ओळ बाहेर आली. मुकादमाचा नातू त्याच खोलीत जन्मला होता.

"व्हय वो भावजी," काकू म्हणाल्या, "मग तुमचा नातूबी वाढीवच की. त्यालाबी खोडून टाका."

मुकादम खाली बघत म्हणाला, "मला नका बोलू, वयनी. वरून आलंय."

"पोर अवघडलीय," आई म्हणाली. "म्हयनाभर थांबता येत न्हाई?"

"नवा मानूस परवा राहायला येतोय."

पुढे जे झालं त्याने आम्ही जास्त हादरलो. काकांनी मुकादमाच्या माणसाच्या हातातली पहार काढून घेतली आणि स्वतःच्या खोलीवर स्वतःच चढले. "मी लावलंय, मीच काढनार. ईट फुटता कामा न्हाई."

पत्रे उतरले, मग भिंती. बांधकाम मातीतलं होतं, विटा अखंड निघत होत्या. काकू त्या उचलून तारेवरून आमच्या अंगणात देऊ लागल्या. आई पहिली वीट हातात धरून तशीच उभी.

"बघता काय?" काकू म्हणाल्या. "पोरीला खोली नको का?"

मग सगळे लागले. मुकादमाची माणसंसुद्धा.

"उद्या हीबी पाडतील," वडील म्हणाले.

"तुमी रिटायर व्हाल तवा," काका म्हणाले. "तवर ओळीतल्या लई पोरी मोकळ्या हुतील."

दुसऱ्या दिवशी काका-काकू सामान बांधून गावी गेले. खोली घाईत उभी राहिली. निळी बाजू कुठे आत आली, कुठे बाहेर. दार जुनंच, कुलूपही जुनंच. किल्ली आता आईकडे. बहिणीची त्याच खोलीत सुखरूप सुटका झाली.

बारशाला मुकादम आला. बाहेर दिसणाऱ्या निळ्या विटांकडे त्याने एकदा पाहिलं, घुगऱ्या खाल्ल्या आणि गेला.