गावरान म्हणून घेतलेली कोंबडी

मामांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते आमच्याकडे शहरात, पुंडलिकनगरला राहायला आले, तेव्हापासून आमच्या घरात कोंबडीवरून कुरबुर सुरू झाली. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. वैजापूरच्या पुढं त्यांचं गाव. सगळं आयुष्य रानात गेलेलं. सासूबाई आधीच गेल्या होत्या, आणि शेती धाकटे दीर आणि जाऊ सांभाळत होते. विहिरीच्या पायऱ्यांवरून मामा घसरले, शहरात ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की काही महिने वॉकर, व्यायाम आणि अंगात ताकद येईल असं खाणं. डॉक्टरांचं बाकीचं बोलणं मामांनी सोडून दिलं, ताकदीचं तेवढं धरून ठेवलं.

पहिल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या दुकानातून चिकन आणलं. मामांनी एक घास खाल्ला आणि ताटली बाजूला सरकवली. म्हणाले, हे बॉयलर हाय. दीड महिन्यात फुगवलेलं पाखरू, त्याला ना चव ना कस, आणि त्याच्या पोटात काय काय औषधं गेली ते कुणाला ठाऊक. त्या दिवशी त्यांनी भाकरी चटणीशी खाल्ली. नवरा म्हणाला, आण की गावरान, महाग असली म्हणून काय झालं, रोज थोडीच खायचीय.

चौकाच्या पुढं रविवारी एक माणूस जाळीचा पिंजरा घेऊन बसायचा. पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, गावरान कोंबडी मिळेल. बिडकीनकडच्या खेड्यांतून गोळा करून आणतो, असं तो सांगायचा. भाव बॉयलरच्या दुप्पटच्याही वर. मी त्याच्याकडून घ्यायला लागले. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या द्यायच्या, तेव्हा कुठं मांस शिजायचं. म्हणजे खरी असणार, असं मला वाटायचं.

मामा खायचे, पण खाताना थांबायचे. हाड दाताखाली धरून बघायचे. रस्सा बोटावर घेऊन त्यावरचं तेल बघायचे. मग माझ्याकडं न बघताच विचारायचे, कुठून आणली. मी सांगायचे. पुढच्या रविवारी तोच प्रश्न. एकदा मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि बाहेर ते नवऱ्याला हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई बॉयलरच आणती अन् पैसे गावरानचे सांगती, असं मला वाटतंय."

मी थापायची थांबले. नवरा काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं. टीव्हीचा आवाज तेवढा वाढला.

ते माझ्या फार मनाला लागलं. पुढच्या रविवारी ठरवलंच की कोंबडी कापून न आणता जिवंत आणायची आणि मामांच्या पुढ्यात ठेवायची. पिंजऱ्यापाशी गेले तर तो माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. म्हणून मी वाट बघत कोंबड्या न्याहाळत उभी राहिले. आतापर्यंत मी त्यांच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. सगळ्या तांबूस, सगळ्या एकाच अंगाच्या. मानेवरची पिसं गेलेली. आणि सगळ्यांच्या चोची पुढून बोथट, जणू कात्रीनं कापल्यासारख्या. मी विचारलं तर तो सहज म्हणाला, भांडतात ताई, म्हणून कापाव्या लागतात.

मी त्यातली एक पिशवीत घालून घरी आणली. मामांनी तिला मांडीवर घेतलं, पंख उचलून बघितले, पायाची नखं बघितली. मग चोचीवरून अंगठा फिरवला.

"गावात कुणी कोंबडीची चोच कापतं व्हय?" ते म्हणाले. "मग ती टिपणार कशानं?"

नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, अंड्यांच्या शेडमधली असेल, तिथं लहानपणीच चोच छाटतात, एकमेकींना टोचू नयेत म्हणून. अंडी कमी झाली की असल्या कोंबड्या लॉटनं काढून टाकतात. तो हे अगदी सरावानं बोलला. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला हे कसं ठाऊक, हे मला त्याच वेळी खटकलं, पण मी तेव्हा त्या विक्रेत्यावर इतकी चिडले होते की ते तसंच राहून गेलं.

संध्याकाळी मी त्या माणसाकडं परत गेले. त्यानं नाकारलंसुद्धा नाही. म्हणाला, पांढरी नाय ना, मग झालं की. शहरात गावरान म्हणल्याबिगर रंगीत कोंबडीला हात कोण लावतं. माझ्या मागं आणखी दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्यादेखत सगळं बोलले, तरी त्यांनी कोंबड्या घेतल्याच. त्यांना वाटलं असेल, ही भाव पाडायला बोलतेय.

त्यानंतर मामांनी एकच लावून धरलं. घरी अंगणात एवढ्या कोंबड्या असताना विकतच्या कशाला? गावाला जाऊ, दोन-तीन घेऊन येऊ. यात अडचण ती काय होती? पण नवरा दर वेळी काहीतरी काढायचा. रस्ता खराब आहे, खुब्याला हादरे बसतील. कांदा काढायला आलाय, धाकट्याला सवड नाही. एकदा तो म्हणाला, मुंगसानं बऱ्याच कोंबड्या नेल्या. त्याच आठवड्यात मी जाऊबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, रोग आला होता ताई, मेल्या सगळ्या. मी फोन ठेवला. मुंगूस खरं की रोग खरा?

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मामांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "त्यानं तुला काही सांगितलंय का?"

"नाही मामा."

"खरं?"

"खरं. पण काहीतरी आहे."

मामांनी वॉकर ओढून घेतला आणि म्हणाले, गाडी मिळंल का कुणाची?

गल्लीतल्या एकांची भाड्याची गाडी होती. नवऱ्याची दिवसपाळी बघून आम्ही दोघं निघालो. त्याला सांगितलं नाही. मामांच्या पाठीशी मी उशी लावली होती. वैजापूरला मार्केट यार्डापाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिथं बराच वेळ गेला. मामांना पाणी दिलं, तर नको म्हणाले.

गावाच्या अलीकडच्या वळणावरून आमचं घर दिसतं. घराच्या मागं, जिथं शेवग्याची झाडं होती आणि उकिरडा होता, तिथं लांबच लांब पत्र्याचं शेड उभं होतं. बाजूला हिरवी जाळी आणि गोणपाटाचे पडदे. गाडीचं दार उघडलं तसा वास आला, डोळ्यांना झोंबणारा. मामा लगेच उतरले नाहीत. सीटवर बसून बघत राहिले.

जाऊबाई बाहेर आल्या. आम्हाला बघून त्यांनी पदर सावरला आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "फोन तरी करायचा ना ताई." दीर तालुक्याला गेले होते. मामा वॉकर टेकत सरळ शेडकडं गेले. दारात चुना पसरला होता आणि पाय बुडवायला औषधाच्या पाण्याची पाटी होती. आत जायचं नाही, असं जाऊबाईंनी सांगितलं म्हणून आम्ही दारातूनच बघितलं. भर दुपारी दिवे चालू. भाताच्या तुसावर पांढऱ्या पाखरांचा नुसता गालिचा, पार शेवटच्या भिंतीपर्यंत. काही उठून चालायची आणि दोन पावलांवर परत बसायची.

मामांनी विचारलं, "आपल्या कोंबड्या?"

"पिलं देणारे कंपनीवाले म्हणले, शेडजवळ दुसरं पाखरू नाय चालत. रोग येतो. मग विकून टाकल्या."

"कुणी ठरवलं?"

जाऊबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं. मला सगळं ठाऊक असणार, अशी त्यांची समजूत होती. मग त्या म्हणाल्या, "भाऊजींना विचारूनच केलं की मामा. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाच काम काढलं. तुम्ही घरी असता तर करू दिलं नसतं."

भाऊजी म्हणजे माझा नवरा. मामा माझ्याकडं वळले. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही, पण त्यांनी मला काही विचारलं नाही.

जेवायला जाऊबाईंनी वरण-भात केला. त्यांचा तरी काय दोष? पिलं कंपनीची, खाद्य कंपनीचं, आपण फक्त वाढवून द्यायची, असं त्या समजावून सांगत होत्या. मी विचारलं, यातलं तुम्ही खाता का? त्या म्हणाल्या, पोरं नाय खात, रोज बघतात ना. पाण्यातून काय देता, असं विचारलं तर म्हणाल्या, पावडर येती, कसली ते कंपनीवाल्यांनाच ठाव.

मामा परत आले नाहीत. मी इथंच ऱ्हातो, एवढंच म्हणाले. त्यांच्या गोळ्या मी जाऊबाईंकडे दिल्या आणि एकटी परत निघाले.

रात्री जेवणाची ताटं उचलताना मी नवऱ्याला विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, सांगणारच होतो, अण्णांच्या कानावर घातल्यावर. मामांना तो अण्णा म्हणतो.

"मी कोंबडी बदलते, असं मामा म्हणाले तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

"विषय वाढला असता," तो म्हणाला.

पुढं मामांनी गावी काय केलं, ते मला जाऊबाईंकडून कळत गेलं. रस्त्याच्या पलीकडं विहिरीचं रान आहे. तिथं धनगरांचं एक कुटुंब खतासाठी मेंढरं बसवायला उतरलं होतं. मामांनी आपल्या बहिणीकडून पिलांसकट एक कोंबडी आणवली आणि त्या रानात सोडली. धनगराची बायको तिच्यावर लक्ष ठेवायची. कंपनीचा सुपरवायझर बघून गेला आणि दिरांना म्हणाला, हे चालणार नाही. दीर मामांकडं गेले. मामा म्हणाले, "शेड तुझं. ते रान अजून माझ्या नावावर हाय."

उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली आणि शेडमधली पाखरं मरायला लागली. गोण्या भरभरून पुरावी लागली. कंपनीवाले म्हणाले, हा रोग आहे, गावरान कोंबड्यांतून आलाय. दिरांनी तेच धरून ठेवलं. मामा म्हणाले, पंखे बंद पडले, उकाड्यानं मेली, माझ्या कोंबड्या तर जिवंत हायेत. त्यावर दीर म्हणाले, रोग देणारी जिवंतच राहते. बापलेक एकाच घरात राहून पाऊस पडेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. खरं कारण कुणी तपासलं नाही. मीही दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. मला आजही सांगता येत नाही.

धनगरांनी तळ हलवला तेव्हा मामांनी आपणहून सगळ्या कोंबड्या त्यांना देऊन टाकल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. शेड अजून चालू आहे. आता मामा काठीवर चालतात आणि दिवसाचा बराच वेळ विहिरीच्या रानात बसलेले असतात, असं जाऊबाई सांगतात.

मी परत कोपऱ्यावरच्या दुकानातून बॉयलर आणायला लागले. चव नाही, हे मान्य. पण तो दुकानदार बॉयलरला बॉयलर म्हणतो, एवढं मला पुरतं. त्यातल्या औषधांचा विचार डोक्यात येतोच. आला की त्या रविवारी अंड्यांवर भागवते, आणि मग अंडी फोडतानाही ती कुठल्या शेडमधली असतील, असं मनात येतं. ते काही चुकत नाही.

नवऱ्याशी माझं भांडण असं झालं नाही. तो चांगला माणूस आहे, घर नीट चालवतो. पण धाकट्या भावाचा फोन आला आणि तो उठून गॅलरीत गेला की मी मिक्सर बंद करते आणि काय बोलतोय ते ऐकत उभी राहते.